शंभर टेस्ला आणि त्यापुढे: अतितीव्र चुंबकीय क्षेत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किती टेस्लापासून क्षेत्राला अतितीव्र म्हणायचे?

टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक. नेमकी हद्द कोणी आखलेली नाही, पण कामाच्या सोयीने पायऱ्या पडून गेल्या आहेत. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असते. रुग्णालयातले एमआरआय यंत्र १.५ किंवा ३ टेस्लाचे. संशोधन संस्थांत तयार विकत घेतलेले सुपरकंडक्टिंग, म्हणजे रोधाविना वीज वाहणाऱ्या तारेचे, मॅग्नेट बहुधा ९, १४ किंवा १६ टेस्लाचे असतात. तिथून ४५ टेस्लापर्यंतचे स्थिर क्षेत्र जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांतच मिळते. ४५ ते १०० हा पल्स मॅग्नेटचा इलाखा: क्षेत्र काही मिलिसेकंद टिकते, पण मॅग्नेट शाबूत राहतो. शंभराच्या बऱ्यापैकी वर गेलात की कॉइल दर वेळी नष्ट होते आणि ती नष्ट होणार हे धरूनच प्रयोग रचावा लागतो. अतितीव्र म्हणतात ते साधारण या टप्प्याला.

नुसते ‘किती टेस्ला’ विचारणे मात्र अर्धवट आहे. किती वेळ, किती व्यासाच्या पोकळीत आणि सॅम्पल किती केल्विनला, हेही विचारा. एक मायक्रोसेकंद टिकणारे १,००० टेस्ला आणि तासभर टिकणारे ४५ टेस्ला यांची उपकरणे वेगळी आणि त्यांत मोजता येणाऱ्या गोष्टीही वेगळ्या.

जास्त प्रवाह सोडला की जास्त क्षेत्र मिळते. मग अडते कुठे?

बलाशी आणि उष्णतेशी.

आधी बल. क्षेत्र कॉइलला आतून बाहेर ढकलते आणि हा दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १ टेस्लाला तो ०.४ मेगापास्कल, म्हणजे जेमतेम चार वातावरणे. ४५ टेस्लाला ८०० मेगापास्कल. १०० टेस्लाला ४ गिगापास्कल, जवळपास ४० हजार वातावरणे. चांगल्यातले चांगले पोलादही त्याच्या निम्म्याच्या आसपास हात टेकते. तारेच्या एका वेढ्याचा हिशोब करून पाहा: प्रवाहघनता गुणिले क्षेत्र गुणिले त्रिज्या. दर चौरस मिलिमीटरला १ किलोअँपिअर, ६० टेस्ला आणि १० मिलिमीटर त्रिज्या धरली तर ताण ६०० मेगापास्कल येतो. साधे मऊ तांबे १०० मेगापास्कलच्या आतच कायमचे ताणले जाते.

मग उष्णता. तीच प्रवाहघनता द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्विनला, तांब्यातून गेली तर दर मिलिसेकंदाला तांबे सुमारे १ केल्विनने तापते. जसे तापते तसा रोध वाढतो, म्हणून आणखी तापते. खोलीच्या तापमानापर्यंत आले की दर मिलिसेकंदाला ५ केल्विन. शंभर-दीडशे मिलिसेकंदांत कॉइलची राख व्हायची वेळ येते. थंड ठेवायचे तर पाणी खेळवायला जागा हवी. ती जागा तांब्यातून कापून घ्यावी लागते आणि तेवढी ताकद कमी होते. मॅग्नेटची सगळी रचना या ओढाताणीतून ठरते.

लोखंडाचा गाभा घालून भागत नाही का?

नाही. लोखंड २ टेस्लाच्या थोडे वर संपृक्त होते. त्यापुढे ते नुसते वजन आहे.

४५ टेस्लाचे स्थिर क्षेत्र कसे मिळवतात?

१९३०च्या दशकात फ्रान्सिस बिटर यांनी एमआयटीत काढलेली युक्ती अजून चालते. तार गुंडाळायचीच नाही. तांब्याच्या मिश्रधातूच्या चकत्या घ्यायच्या, त्यांना शेकडो भोके पाडायची, दोन चकत्यांमध्ये विद्युतरोधक चकती घालायची आणि प्रवाह मळसूत्रासारखा फिरत खाली उतरेल अशी चळत रचायची. भोके एकावर एक जुळतात आणि त्यांतून दाबाखाली पाणी धावते. फ्लोरिडातल्या टॅलाहासी येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने गोल भोकांच्या जागी लांबट, तिरकी मांडलेली भोके आणली. त्यामुळे चकतीवरचा ताण उतरला आणि जास्त प्रवाह सोडता आला.

हे पाणी विआयनीकृतच लागते, नाहीतर ते स्वतःच प्रवाह वाहून नेते. भोकांत गाळ किंवा तांब्याचा ऑक्साइड साचला की तेवढी जागा तापते, विद्युतरोधक चकती करपते, दोन चकत्या शॉर्ट होतात आणि आतली कॉइल बदलावी लागते. सर्वांत आतली कॉइल ही सरळसरळ झिजून बदलायचीच वस्तू आहे.

टॅलाहासीच्या ४५ टेस्लाच्या हायब्रिड मॅग्नेटमध्ये बाहेर सुपरकंडक्टिंग कॉइल ११.५ टेस्ला देते आणि आतली बिटर धर्तीची कॉइल ३३.५. चीनमधल्या हफेई येथील हायब्रिडने ऑगस्ट २०२२ मध्ये ४५.२२ टेस्ला गाठले. केवळ रोधक, म्हणजे सुपरकंडक्टर नसलेल्या साध्या कॉइलचा विक्रमही तिथलाच: सप्टेंबर २०२४ मध्ये ४२.०२ टेस्ला, त्यासाठी ३२.३ मेगावॉट वीज. असा मॅग्नेट चालवायचा म्हणजे एका छोट्या शहराची वीज एका तळहाताएवढ्या जागेत ओतायची, म्हणून वापराचे तास मोजून-मापून वाटले जातात.

सुपरकंडक्टर असताना एवढी वीज कशाला जाळायची?

कारण सुपरकंडक्टरलाही क्षेत्र सोसत नाही. नायोबियम-टायटेनियम ४.२ केल्विनला ९-१० टेस्लापर्यंत कामाचे. नायोबियम-टिन विसाच्या थोडे पुढे नेते. त्यापलीकडे रेबको म्हणून ओळखली जाणारी टेप लागते. तिच्यात हॅस्टेलॉय या निकेलच्या मिश्रधातूच्या पट्टीवर साधारण मायक्रोमीटरभर जाडीचा सुपरकंडक्टिंग सिरॅमिक थर असतो. टॅलाहासीत २०१७ मध्ये याच टेपच्या आतल्या कॉइलवर ३२ टेस्लाचा पूर्ण सुपरकंडक्टिंग मॅग्नेट चालला. त्यात १५ टेस्ला बाहेरच्या जुन्या धर्तीच्या कॉइलचे आणि १७ टेस्ला टेपचे.

टेपचे दुखणे असे की ती लांबीच्या दिशेने दणकट, पण थर सोलले जाण्याच्या दिशेने अगदीच लेचीपेची. शिवाय रुंद पट्टीत स्वतःचे भोवरे-प्रवाह अडकून बसतात. ते क्षेत्र बिघडवतात आणि पट्टीच्या एका कडेला जास्त ओढतात. २०१९ मध्ये ३१ टेस्लाच्या रोधक मॅग्नेटच्या पोटात बसवलेल्या बोटभर कॉइलने एकूण ४५.५ टेस्ला गाठले. त्या कॉइलच्या वेढ्यांमध्ये विद्युतरोधक मुद्दाम घातलाच नव्हता. क्वेंच झाला, म्हणजे एखाद्या जागी सुपरकंडक्टिव्हिटी मोडली, तर प्रवाह शेजारच्या वेढ्यात उडी मारून वाट काढतो. तरीही नंतर उघडून पाहिल्यावर टेपच्या कडेला इजा आढळली होती.

पल्स मॅग्नेट चालतो कसा?

कल्पना रशियन भौतिकशास्त्रज्ञ पीटर कपित्झांची. १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये त्यांनी हेरले की कॉइल तापायला वेळ लागतो, तर त्याआधीच मोजून मोकळे व्हावे. जनरेटर क्षणभर शॉर्ट करून त्यांनी सुमारे १० मिलिसेकंदांसाठी ३२ टेस्लापर्यंत मजल मारली. कॉइल त्यांनी जनरेटरपासून सुमारे २० मीटर दूर ठेवली होती. जनरेटरला बसलेल्या हिसक्याची लाट जमिनीतून तिथे पोहोचेपर्यंत मोजमाप आटोपलेले असे.

आज जनरेटरच्या जागी बहुतेक ठिकाणी कपॅसिटर बँक असते. नमुन्यादाखल आकडे घ्या: १० मिलिफॅरड, १० किलोव्होल्ट. साठलेली ऊर्जा ५०० किलोज्यूल. घरच्या मीटरवर हे पाव युनिटसुद्धा भरत नाही. महाग आहे ती ऊर्जा नव्हे, ती काही मिलिसेकंदांत सोडण्याची यंत्रणा. कॉइलचे प्रेरकत्व ४ मिलिहेन्री असेल तर क्षेत्र १० मिलिसेकंदांत शिखरावर जाते आणि प्रवाह दहा हजार अँपिअरच्या पुढे असतो.

एका शॉटचा क्रम साधारण असा:

१. कॉइलचा रोध मोजा. ७७ केल्विनचा नेहमीचा आकडा आला तरच पुढे जा.
२. सॅम्पलचे तापमान स्थिर होऊ द्या, पल्सविना पार्श्वभूमी नोंदवा.
३. कक्ष रिकामा करा. दार लागल्याशिवाय चार्जरला वीजच मिळणार नाही, अशी इंटरलॉकची रचना असते.
४. बँक ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत भरा, मग चार्जर वेगळा काढा.
५. थायरिस्टरला, म्हणजे मोठा प्रवाह जोडणाऱ्या अर्धवाहक स्विचला, ट्रिगर द्या. नोंदणी ट्रिगरच्या थोडी आधीच सुरू झालेली हवी.
६. उरलेला चार्ज रोधकांत जिरवा, अर्थिंगचे रिले बंद झाल्याची खात्री करा.
७. पुन्हा रोध मोजा.

शिखरानंतर व्होल्टेज उलटे होऊ लागते. तिथे डायोड आणि रोधकाची जोडी, म्हणजे क्रोबार, आडवी येते आणि प्रवाह कॉइलमध्येच फिरत हळूहळू विरतो. म्हणून आलेखात चढ खडा आणि उतार लांब दिसतो. बरेच जण उतारावरचा डेटा जास्त मानतात, कारण तिथे क्षेत्र सावकाश बदलते आणि सुरुवातीचा विद्युत गोंगाट निवलेला असतो.

बँका किती मोठ्या? फ्रान्समधल्या तुलूझच्या प्रयोगशाळेची १४ मेगाज्यूल, जर्मनीतल्या ड्रेस्डेनची ५० मेगाज्यूल. अमेरिकेतल्या लॉस आलामोसला मात्र १.४ गिगावॉटचा जनरेटर आहे. तो मुळात रद्द झालेल्या एका अणुवीज प्रकल्पासाठी बनलेला होता. तिथे बाहेरच्या कॉइलींना जनरेटर आणि आतल्या कॉइलीला कपॅसिटर बँक अशा जोडीने २२ मार्च २०१२ रोजी कॉइल न फुटता १००.७५ टेस्ला गाठले गेले.

कॉइल गुंडाळताना काय सांभाळावे लागते?

तार तांबे-नायोबियम, तांबे-चांदी किंवा ॲल्युमिनाचे कण पेरलेल्या तांब्याची, आडवा छेद चौकोनी. तांबे-नायोबियमची तार १ गिगापास्कलच्या आसपास ताण सोसते आणि तरी वीज बऱ्यापैकी वाहते. दोन्ही गुण एकाच तारेत पुरेपूर कधीच मिळत नाहीत. ताकद वाढवली की रोध वाढतो.

खरा भार झायलॉन या कृत्रिम तंतूचा धागा पेलतो. त्याची ताणशक्ती ५.८ गिगापास्कल. प्रत्येक थर गुंडाळून झाला की त्यावर ताण देत धागा गुंडाळायचा, मग पुढचा थर. सगळा धागा एकदम शेवटी बाहेरून गुंडाळून उपयोग नाही, कारण आतला थर मधल्या मऊ थरांना चिरडत बाहेर येतो. कोणत्या थरावर किती मिलिमीटर धागा, हे आधी गणिताने ठरते. हा धागा उजेड आणि दमट हवा दोन्हींनी खराब होतो, त्यामुळे रीळ काळ्या पिशवीत, कोरड्या कपाटात ठेवायचे. उघड्यावर पडलेले रीळ दिसायला तसेच दिसते, पण भरवशाचे राहत नाही.

थर बदलतो ती जागा आणि तार बाहेर निघते ती जागा, या दोन्ही नाजूक. गोल वेढ्यातला ताण सर्वत्र सारखा असतो. वळण मोडले की तिथे वाकण्याचा ताण जादा येतो. पॉलिइमाइडचा विद्युतरोधक कोपऱ्याला दुमडला गेला, तर शंभराव्या पल्सला का होईना, तिथेच ठिणगी पडणार.

कॉइल फुटणार हे आधी कळते का?

पुष्कळदा कळते. पल्सनंतर थंड झालेल्या कॉइलचा रोध किंवा प्रेरकत्व किंचितही बदललेले दिसले, तर थांबावे. वेढे सरकले आहेत किंवा दोन वेढ्यांत शॉर्ट होऊ लागला आहे. क्षेत्राच्या आलेखावर शिखराजवळ बारीक खाच दिसणे ही दुसरी खूण. पूर्ण ताकदीने वापरलेल्या कॉइलचे आयुष्य शेकडो पल्सांचे असते. शिखर दहा टक्क्यांनी खाली ठेवले तर ते कितीतरी लांबते. म्हणून ६५ टेस्लाच्या कॉइलवर बहुतेक काम ६० लाच उरकणारा ऑपरेटर शहाणा समजावा.

फुटते तेव्हा आत विद्युत आर्क पेटतो, द्रव नायट्रोजन झटक्यात उकळतो आणि बहुधा क्रायोस्टॅट (सॅम्पल थंड ठेवणारे भांडे) व सॅम्पल दोन्ही जातात. कॉइल जाड भिंतींच्या कोठडीत ठेवतात ती यासाठीच.

दोन पल्समध्ये एवढा वेळ का थांबावे लागते?

गरम झालेली कॉइल पुन्हा ७७ केल्विनला यायला हवी. झायलॉन आणि रेझिनचे जाड थर उष्णता बाहेर सोडत नाहीत. मोठ्या कॉइलला तास ते काही तास सहज लागतात. नवीन कॉइलींत थरांमध्ये नायट्रोजन खेळायला फटी ठेवतात, त्याने वाट बघणे बरेच कमी झाले आहे. दिवसाला दहा पल्स मिळाल्या तर चांगला दिवस म्हणायचा. म्हणून कोणत्या तापमानाला किती शिखर, हे आदल्या रात्री कागदावर लिहून काढा.

माझ्या सॅम्पलचा रोध मोजायचा आहे. स्थिर क्षेत्रात जमते ते पल्समध्ये का बिघडते?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

६० टेस्ला १० मिलिसेकंदांत चढत असतील, तर सुरुवातीला क्षेत्र दर सेकंदाला ९,४०० टेस्ला या वेगाने बदलते. सॅम्पलकडे जाणाऱ्या तारांनी १ चौरस मिलिमीटरचा फासा (बंद वळसा) जरी तयार केला, तरी त्यात ९.४ मिलिव्होल्ट निर्माण होतात. तुमचे सॅम्पल १० मिलिओहमचे आणि प्रवाह १ मिलिअँपिअर असेल, तर हवा तो सिग्नल आहे १० मायक्रोव्होल्ट. म्हणजे नको ते हव्या त्याच्या जवळपास हजारपट.

उपाय एक नाही, चार-पाच मिळून आहेत. व्होल्टेजच्या दोन्ही तारा सॅम्पलला चिकटून, एकमेकींवरून नेऊन लगेच पीळ द्या. उरलेल्या फाशाचे प्रतल क्षेत्राला समांतर ठेवा. सगळ्या तारा व्हार्निशने चिकटवा. सैल तार क्षेत्रात थरथरते आणि तिच्या थरथरीचा आलेख हुबेहूब क्वांटम आंदोलनांसारखा, म्हणजे क्षेत्र बदलताना रोधात येणाऱ्या नियमित चढउतारांसारखा, दिसू शकतो. प्रवाह डीसी न देता दहा-वीस ते शंभर किलोहर्ट्झचा द्या, कच्चा डेटा दर सेकंदाला लाखो नमुन्यांनी साठवा आणि लॉक-इनचे काम, म्हणजे ठरलेल्या वारंवारतेचा सिग्नल गोंगाटातून वेगळा काढणे, नंतर संगणकावर करा. त्यात गाळणीची रुंदी बदलून पुन्हा पाहता येते. शेवटी क्षेत्राची दिशा उलटी करून तीच पल्स पुन्हा घ्या. खरा रोध दिशा बदलून तसाच राहतो, हॉल व्होल्टेज, म्हणजे प्रवाहाला आडवे येणारे व्होल्टेज, चिन्ह बदलते.

संपर्कांचा रोध काही ओहमच्या आत हवा. चांदीचा रंग फासून वरवर चिकटवलेले, शंभर ओहमचे संपर्क स्थिर क्षेत्रात चालून जातात. इथे तेच तापतात आणि तेच गोंगाट करतात.

पल्समध्ये सॅम्पल तापत नाही का?

तापते, विशेषतः धातू. बदलत्या क्षेत्राने सॅम्पलमध्येच भोवरे-प्रवाह उठतात. दर घनमिलिमीटरची ही उष्णता रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सॅम्पल अर्ध्या रुंदीचे केले की ती चौथाईवर येते. म्हणून चांगले चकचकीत मोठे स्फटिक इथे कामाचे नसतात, काड्या आणि पापुद्रे कामाचे. सध्या फोकस्ड आयन बीमने मायक्रोमीटरच्या मापाचे सॅम्पल कोरून घेण्याची पद्धत रुळली आहे ती याचमुळे.

पडताळा सोपा. चढावरचा आणि उतारावरचा आलेख एकावर एक ठेवा. बसले नाहीत तर तापमान हलले आहे, किंवा पदार्थात खरेच हिस्टेरेसिस आहे, म्हणजे तो चढताना-उतरताना वेगळा वागतो. कोणते, ते ठरवायला कमी शिखराची पल्स घ्या. त्याच क्षेत्राला बदलाचा वेग वेगळा असेल आणि उष्णतेमुळे आलेली फट सरकेल. चुंबकीय पदार्थांत मॅग्नेटोकॅलरिक परिणामामुळे (क्षेत्र बदलले की तापमान बदलणे) सॅम्पल थंडही होऊ शकते, हे विसरू नका.

सॅम्पल होल्डर आणि क्रायोस्टॅटची शेपटी धातूची नकोच. काच-इपॉक्सी, कॅप्टॉन नावाची पॉलिइमाइडची फिल्म, प्लास्टिक. १५-२० मिलिमीटरच्या पोकळीत शेपटी गेल्यावर आत सॅम्पलला आठ-दहा मिलिमीटर उरतात.

क्षेत्र किती झाले, हे खात्रीने कसे कळते?

सॅम्पलशेजारी माहीत क्षेत्रफळाची छोटी पिक-अप कॉइल बसवतात आणि तिच्या व्होल्टेजचे संकलन (इंटिग्रेशन) करतात. तिचे कॅलिब्रेशन तांब्याच्या डी हास-व्हॅन आल्फेन आंदोलनांवरून (क्षेत्र बदलताना चुंबकनात येणारे नियमित चढउतार) करतात, कारण तांब्याच्या फर्मी पृष्ठभागावरून, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या अवस्थांच्या सीमेवरून, ठरणारी त्यांची वारंवारता फार अचूक माहीत आहे. शेकडो टेस्लांत काचेतले फॅरडे भ्रमण, म्हणजे क्षेत्रामुळे प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा फिरणे, जास्त भरवशाचे. तिथे तार जगत नाही, प्रकाश जगतो.

शंभरच्या वर काय करतात?

एकाच वेढ्याची कॉइल. दोन-तीन मिलिमीटर जाडीची तांब्याची पट्टी वाकवून दहा-बारा मिलिमीटर व्यासाचे कडे करायचे आणि ४०-५० किलोव्होल्टच्या वेगवान बँकेतून त्यात २० लाखांहून जास्त अँपिअर सोडायचे. क्षेत्र दोन-तीन मायक्रोसेकंदांत शिखरावर जाते. कडे फुटते, पण जडत्वामुळे जागचे हलायला त्याला जो वेळ लागतो तेवढ्यात काम साधते. तुकडे बाहेरच्या दिशेने उडतात, म्हणून सॅम्पल आणि क्रायोस्टॅट बहुधा वाचतात. या पद्धतीचे सगळ्यात मोठे सुख हेच. नवे कडे बसवले की तासाभरात पुढचा शॉट. टोकियो विद्यापीठाच्या काशिवा येथील संस्थेत, तुलूझमध्ये आणि लॉस आलामोसला १०० ते २०० टेस्ला असे नेहमीच्या कामासाठी मिळतात.

मोजमाप मात्र अवघड होते. वर ज्या फाशात ९.४ मिलिव्होल्ट आले, त्यातच इथे साठ-बासष्ट व्होल्ट येतात. म्हणून प्रकाशाचे पारगमन, फॅरडे भ्रमण, रेडिओ लहरी यांच्यावर भिस्त. याच पद्धतीने १२० टेस्लाच्या वर घन ऑक्सिजनची एक नवी अवस्था २०१४ मध्ये सापडली.

१,२०० टेस्लाचा विक्रम ऐकला आहे. तो कसा?

काशिवालाच, १७ एप्रिल २०१८ रोजी, इमारतीच्या आत. तत्त्व फ्लक्स आकुंचनाचे, म्हणजे नळीतल्या क्षेत्ररेषा कमी जागेत दाबण्याचे. तांब्याच्या पातळ नळीत आधी काही टेस्लाचे बीजक्षेत्र भरतात. बाहेरच्या कॉइलमध्ये प्रचंड प्रवाह सोडला की नळी आत कोसळते. अडकलेल्या फ्लक्सला बाहेर पडायला वेळ नसतो. त्रिज्या दहापट घटली की क्षेत्र शंभरपट. बँकेतून ३.२ मेगाज्यूल सोडले होते आणि धक्क्याने संरक्षक लोखंडी पिंजऱ्याचे दार उघडले गेले. इथे नळी आत येते, त्यामुळे सॅम्पल वाचण्याचा प्रश्नच नाही.

नळी सगळीकडून सारखी कोसळणे ही खरी कसोटी. जिथून प्रवाह आत येतो ती फट गोलाई मोडते, आणि पृष्ठभागावरचा बारीकसा ओरखडासुद्धा रेले-टेलर अस्थिरतेने (हलके माध्यम जडाला ढकलताना सीमेवरचे उंचवटे वाढत जाणे) फुगत जाऊन शेवटच्या क्षणी क्षेत्र फाडतो.

स्फोटके वापरून याहून जास्त मिळते ना?

मिळते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांच्या कल्पनेवर रशियातल्या सारोव्हमध्ये १९५२ पासून हे काम चालू झाले. १९९८ मध्ये तिथल्याच गटाने २,८०० टेस्ला नोंदवले. नळीतल्या अस्थिरता आवरण्यासाठी एकात एक तीन नळ्यांची रचना ते वापरतात. लॉस आलामोसला मॅक्स फाउलर यांचा गट १९६० पर्यंत १,००० टेस्लाच्या पुढे गेला होता. पण शॉट मोकळ्या मैदानात, सगळे उपकरण एकदाच वापरायचे, वर्षाकाठी मोजकेच प्रयोग. पदार्थविज्ञानाच्या रोजच्या कामाला हा रस्ता नाही.

लेझरने हजारो टेस्ला मिळतात, ते वेगळे कसे?

ते क्षेत्र प्लाझ्मात, मायक्रोमीटरच्या जागेत आणि पिकोसेकंदांपुरते असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने घन लक्ष्यावर १०० फेम्टोसेकंदांची लेझर पल्स मारून २,७०० टेस्लाची, सुमारे ६ पिकोसेकंदांची चुंबकीय पल्स मोजली. ते काम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्लाझ्मा आणि ताऱ्यांच्या भौतिकशास्त्रासाठी ते मोलाचे आहे. त्यात तुमचा स्फटिक मात्र ठेवता येणार नाही.

एवढा खटाटोप करून भौतिकशास्त्राला काय मिळाले?

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना क्वांटम हॉल परिणाम (हॉल व्होल्टेज ठरावीक पायऱ्यांनीच बदलणे) फेब्रुवारी १९८० मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या तीव्र क्षेत्राच्या प्रयोगशाळेत दिसला. आज रोधाचे प्रमाण त्यावरच उभे आहे. ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या थरात, हाच परिणाम खोलीच्या तापमानाला २००७ मध्ये दाखवला गेला, त्याला ४५ टेस्लापर्यंत जावे लागले.

कप्रेट, म्हणजे तांबे-ऑक्सिजनच्या थरांच्या, सुपरकंडक्टरचे उदाहरण जास्त बोलके आहे. वीस वर्षे वाद होता की कमी डोपिंगच्या (कमी विद्युतभारवाहक असलेल्या) वायबीसीओत, म्हणजे यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये, धड फर्मी पृष्ठभाग आहे की नाही. सुपरकंडक्टिव्हिटी दाबल्याशिवाय पाहता येत नव्हते आणि ती दाबायला ५० टेस्ला लागतात. २००७ मध्ये तुलूझला ६२ टेस्लापर्यंत पल्स देऊन आंदोलने सापडली, वारंवारता ५३० टेस्ला. ही आंदोलने क्षेत्राच्या व्यस्तात समान अंतराने येतात. हिशोब केलात तर ५० ते ६२ टेस्लांत जेमतेम दोन आंदोलने बसतात. तेवढ्यावर फर्मी पृष्ठभागात छोटे कप्पे आहेत हे ठरले. शिखर ५५ ला थांबले असते तर एकही पूर्ण दिसले नसते. दहा-बारा टेस्लांसाठी लोक वर्षानुवर्षे का झटतात, ते यावरून कळावे.

यूटीई२ हा युरेनियमचा पदार्थ तर उलटाच वागतो. योग्य दिशेने ४० टेस्लाच्या पुढे नेले की त्यात सुपरकंडक्टिव्हिटी पुन्हा उगवते.

माझ्या मते गेल्या वीस वर्षांतले बहुतेक टिकाऊ निष्कर्ष ३० ते ९० टेस्लांतून आलेले आहेत, हजारांतून नव्हे. विक्रम बातमीला बरे. मिलिसेकंदभर शांत क्षेत्र आणि १ केल्विनच्या खालचे सॅम्पल प्रयोगाला बरे.

हवेत तरंगणारा बेडूक खरा आहे का?

खरा. नेदरलँड्समधल्या निमेखेनला, १६ टेस्लात, १९९७ मध्ये. पाणी प्रतिचुंबकीय असते, त्यामुळे क्षेत्र आणि त्याचा उतार दोन्ही पुरेसे असले की वजन तोलले जाते. बेडूक सुखरूप होता. हा प्रयोग करणारे आंद्रे गाइम यांना त्यासाठी २००० मध्ये इग्नोबेल आणि ग्राफीनसाठी २०१० मध्ये नोबेल मिळाले.

प्रयोगशाळेत धोके कोणते?

स्थिर मॅग्नेटजवळ पाना, कात्री, ऑक्सिजनचे नळकांडे उडत जाते. पेसमेकर असलेल्याने ०.५ मिलिटेस्लाची रेघ ओलांडू नये. क्वेंच झाला तर १ लिटर द्रव हेलियमचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि खोलीतला ऑक्सिजन हटतो. ऑक्सिजन मीटर वाजला की वस्तू न आवरता बाहेर पडा. पल्सच्या ठिकाणी मुख्य धोका बँकेचा. ‘रिकामा’ कपॅसिटर टोके मोकळी ठेवली तर आपोआप थोडा भरतो, म्हणून वापरात नसताना टोके जोडून ठेवतात आणि हात लावण्याआधी अर्थिंगची काठी टेकवतात.

कॉलेजमध्ये किंवा घरी छोटा पल्स मॅग्नेट बनवावा का?

बनवू नका. नाणी आकसवणारे व्हिडिओ पाहून हा प्रश्न येतो. काही किलोव्होल्टचा, शेकडो ज्यूलचा कपॅसिटर एका स्पर्शात जीव घेतो, आणि फुटलेल्या तारेचे तुकडे गोळीच्या वेगाने येतात. शिकायचेच असेल तर काही मिलिटेस्लांची हेल्महोल्ट्झ कॉइल (समोरासमोर ठेवलेल्या दोन कॉइलींची जोडी), पिक-अप कॉइल आणि संकलक सर्किट घ्या. फाशात आलेले व्होल्टेज ओळखणे आणि ते कमी करणे तिथेही तितकेच शिकता येते.

भारतात बसून या सुविधा वापरता येतात का?

येतात. टॅलाहासी आणि लॉस आलामोस, तसेच ड्रेस्डेन, ग्रेनोबल, निमेखेन, तुलूझ यांचे युरोपीय जाळे प्रस्तावावर वेळ देतात. तज्ज्ञ समितीने प्रस्ताव स्वीकारला की मॅग्नेटचा वेळ विनाशुल्क असतो. युरोपीय जाळे वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवते. प्रवास आणि राहण्याची सोय कोण करणार, हे मात्र आधीच नक्की करा.

प्रस्तावात नुसते ‘जास्त क्षेत्रात पाहू’ लिहिलेले पहिल्याच फेरीत बाजूला पडते. आपल्याकडच्या ९ किंवा १४ टेस्लाच्या मॅग्नेटवर केलेले मोजमाप जोडा आणि किती टेस्लाला काय घडेल असे वाटते, तो आकडा कारणासह द्या. रोध, चुंबकन की पारगमन, किती केल्विन, किती अंशांच्या पायरीने सॅम्पल फिरवायचे, हेही लिहा. जाताना एकाच बॅचची किमान चार सॅम्पल न्या, संपर्क लावलेली आणि ४ केल्विनपर्यंत एकदा थंड करून पाहिलेली. प्रत्येकाच्या संपर्कांचा रोध, मापे आणि स्फटिकाच्या दिशा यांचा तक्ता सोबत ठेवा. तिथल्या तंत्रज्ञाला आधी विचारून होल्डरच्या चकतीचा व्यास मिळवा. ३ मिलिमीटरच्या चकतीवर ४ मिलिमीटरचे सॅम्पल घेऊन पोहोचलात, तर पहिला दिवस ते घासण्यात जातो.